कंपनीच्या खर्चाने ट्रक शिकताना

ट्रक शिकण्याचे पैसे कुणी ना कुणी भरतोच. बाप भरतो, सरकार भरते, कंपनी भरते, नाहीतर शिकणारा पोरगा अंगमेहनतीने फेडतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात हा शेवटचा मार्ग वर्षानुवर्षे चालत आला. दहावी-बारावी झाली किंवा राहिली की पोरगा ओळखीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढायचा. हातात पैसे नावापुरते, पोटाला उस्ताद, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, घालेल ते, आणि काम दिवसरात्र. काचा पुसायच्या, टायर ठोकून हवा बघायची, ताडपत्री ओढून रस्सा आवळायचा, गाडी मागे घेताना पाठीमागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणून ओरडायचे. असे वर्ष-दीड वर्ष गेले की रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर कधीतरी उस्ताद स्टेअरिंग हातात द्यायचा. लायसनचा विचार त्यानंतर.

या पद्धतीची नुसती निंदा करून चालणार नाही. क्लीनर होऊन शिकलेल्या माणसाला गाडी कानाने कळते. पाटा तुटलाय की यू-बोल्ट ढिला झालाय, हे तो खाली वाकायच्या आधी सांगतो. पण उस्तादाच्या खोडीही त्याच्याबरोबर येतात, आणि शिकण्याचा सगळा काळ कायद्याच्या बाहेर जातो. त्या काळात अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो आणि पोरगा थेट गुन्ह्यात सापडतो. शिवाय आता क्लीनर ठेवणेच कमी होत चालले आहे. लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या एकट्या ड्रायव्हरवर पळतात. शिकण्याची ही जुनी शाळा हळूहळू बंद पडते आहे आणि तिच्या जागी नवा प्रस्ताव पुढे येतो आहे: आमच्याकडे या, राहण्या-जेवणाची सोय करतो, हेवी लायसन काढून देतो, गाडी शिकवतो, बदल्यात ठरावीक काळ आमच्याकडेच नोकरी करा.

हा प्रस्ताव घ्यावा की नाही? माझे मत आधीच सांगतो. ज्या घरात शेती दीड-दोन एकर आहे आणि शिकवणीला द्यायला रोख पैसा नाही, तिथल्या मुलाने तो जरूर विचारात घ्यावा. मात्र कंपनी फुकट काय देते एवढे बघून भागणार नाही. शिक्षण संपल्यानंतरचे पहिले वर्ष ती कसे देते, त्यावर निर्णय ठरवावा.

आधी कायद्याच्या पायऱ्या नीट समजून घ्यायला हव्यात, कारण निम्मी आश्वासने तिथेच खोटी ठरतात. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे ट्रक म्हणजे परिवहन वाहन चालवायला वय २० पूर्ण लागते. कलम ७ सांगते की परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन मिळायला आधी हलक्या वाहनाचे, म्हणजे साध्या चारचाकीचे लायसन किमान एक वर्ष हातात असले पाहिजे. एकोणीस वर्षांच्या पोराला ‘तीन महिन्यांत हेवी लायसन’ देऊ करणारा माणूस कायद्याने न देता येणारी गोष्ट विकत असतो. उलट बाजूही आहे. पूर्वी परिवहन लायसनला आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटली म्हणून हा रस्ता बंद होत नाही. अर्थात बिल्टी, ई-वे बिल, मोबाइलवरचे ॲप, परराज्यातल्या पाट्या हे सगळे वाचावे लागते. वाचता न येणाऱ्या ड्रायव्हरला रस्त्यावर कुणीही गंडवतो.

चारचाकीचे लायसन आणि हेवी लायसन यांच्यामधला काळ वाया घालवायचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवले की हलक्या वाहनाचे लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे वीस पूर्ण झालेला मुलगा पिकअपवर बसून बेळगावच्या बाजारात भाजी पोचवू शकतो. वजन घेऊन ब्रेक मारणे काय असते, भरलेली गाडी वळणावर कशी कलते, हे त्याला आधीच कळलेले असते. कंपनीच्या दारात असा मुलगा नवशिका राहत नाही, आणि कराराची बोलणी करताना त्याच्या शब्दाला वजन येते.

आता शिकवणी. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैपासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. अवजड वाहन शिकवायचे तर केंद्राकडे दोन एकर जागा, चाचणीचा ट्रॅक आणि सिम्युलेटर हवा. अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा. अशा केंद्राचे प्रमाणपत्र असले की आरटीओची ड्रायव्हिंग चाचणी वेगळी द्यावी लागत नाही. कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारायचा: शिकवणी कुठे होणार, आणि त्या केंद्राला मान्यता आहे का? पुण्यात भोसरीजवळ केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेची जुनी, नावाजलेली प्रशिक्षण व्यवस्था आहे. ही संस्था १९६७ पासूनची. दक्षिणेत नामक्कलला अशोक लेलँडने १९९५ मध्ये तमिळनाडू सरकारच्या साथीने ड्रायव्हर प्रशिक्षण संस्था उभी केली. नामक्कल हे लॉरी आणि बॉडी-बिल्डिंगचे गाव, तिथे ड्रायव्हर घडवण्याचे काम ट्रक बनवणाऱ्या कंपनीनेच अंगावर घेतले. ट्रक विकायचा तर चालवणारा हवा, हे गणित त्यामागे आहे.

पण ३८ तासांत काय येते आणि काय येत नाही, ते तवंदी घाटात दिसते. गडहिंग्लजहून संकेश्वरला येऊन पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागले आणि कोल्हापूरकडे निघाले की निपाणीच्या अलीकडे हा घाट उतरतो. आंबोलीसारखी अंगावर येणारी वळणे इथे नाहीत. रस्ता रुंद, चांगला, म्हणूनच फसवा. दहा चाकी ट्रकचे मालासकट कायदेशीर वजन २०१८ पासून साडेअठ्ठावीस टन आहे. एवढे वजन उताराला लागले की त्याला धरून ठेवण्यासाठी जी ताकद लागते, ती सगळी ब्रेक ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. नवा ड्रायव्हर काय करतो? पाय सारखा ब्रेकवर ठेवतो. ड्रम तापतो, लायनरची पकड सुटत जाते. एअर ब्रेकमध्ये प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसरने ती भरून काढायच्या आत गेजचा काटा खाली सरकतो. पाय पूर्ण दाबलेला, गाडी मात्र थांबत नाही, आणि एवढ्या वेगात खालचा गिअरही पडत नाही. जुने ड्रायव्हर म्हणूनच सांगतात की ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. गिअर माथ्यावरच खाली आणायचा, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, इंजिनालाच गाडी धरू द्यायची आणि पायाचा ब्रेक थोडा, सोडून सोडून वापरायचा. हे सिम्युलेटरवर समजते, पण अंगात मुरते ते भरलेल्या गाडीत, शेजारी जाणता माणूस बसलेला असताना.

याच उतारावर कंपनीच्या पगाराची पद्धतही येऊन उभी राहते. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरला ट्रिपमागे ठरलेली खर्ची देतात आणि डिझेलचा ॲव्हरेज बांधून देतात. डिझेल वाचले तर त्याचे, जास्त लागले तर पगारातून कापायचे. मग डिझेल वाचवायला पोरगा उताराला गाडी न्यूट्रल करतो. यात जीवाशी खेळ तर आहेच, हिशेबही चुकीचा आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या आजच्या इंजिनात गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना डिझेल बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहते. ही साधी गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवणारी कंपनी चांगली. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून ॲव्हरेजच्या दावणीला बांधणारी कंपनी, तिची शिकवणी कितीही चकचकीत असली तरी, टाळावी. पहिले सहा महिने तरी ठरलेला मासिक पगार हवा. माझ्या दृष्टीने सगळ्या करारात हे कलम सर्वांत मोलाचे.

शिकवण्याची ऐपत कुणाकडे असते, हेही बघायला हवे. आपल्याकडे बहुसंख्य ट्रक छोट्या मालकांचे आहेत. कुणाकडे एक, कुणाकडे चार. वाहतुकीतली मोठमोठी नावे यांच्याच गाड्या भाड्याने घेऊन माल हलवतात. अशा कंपनीच्या जाहिरातीत ट्रेनिंग असले तरी शेवटी मुलाला भलत्याच मालकाच्या गाडीवर पाठवले जाते. स्वतःचा ताफा असणारी कंपनी वेगळी. आपल्या भागातून सर्वांत जवळचे उदाहरण हुबळीचे. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये एका ट्रकवर सुरू केलेली व्हीआरएल आज हजारो गाड्यांची मालक आहे. ताफा स्वतःचा असला की वर्कशॉप स्वतःचे असते, गाड्यांच्या नोंदी असतात आणि ड्रायव्हर टिकवण्याची गरजही असते. करार करताना विचारायचे ते हे: मला ज्या गाडीवर बसवणार ती कुणाच्या नावावर आहे?

पूर्वी ड्रायव्हर शिकवणारा आणि मग नोकरीत बांधून घेणारा सर्वांत मोठा मालक म्हणजे लष्कर. गडहिंग्लज-चंदगड भागात सैन्यात गेलेला माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. त्यांतले कितीतरी एमटी ड्रायव्हर, म्हणजे लष्करी वाहनांचे चालक, म्हणून घडले आणि निवृत्तीनंतर गावी येऊन शाळेची बस, दूधसंघाचा टँकर किंवा स्वतःची गाडी चालवू लागले. सैन्यात शिकलेल्या माणसाची एक सवय ताबडतोब ओळखू येते. किल्ली फिरवण्याआधी तो गाडीला एक पूर्ण फेरी मारतो. तेल, पाणी, पट्टा, टायर, दिवे, गळती बघून मगच केबिनमध्ये चढतो. पगार देऊन शिकवणारा मालक आणि शिकवायला नेमलेला माणूस, या दोन गोष्टी एकत्र आल्या की अशी सवय लागते.

एसटी महामंडळाचे उदाहरणही जवळचे आहे. एरवी महामंडळ ड्रायव्हर घेताना अवजड वाहनाचा अनुभव मागते. पण महिला चालकांच्या भरतीत ती अट लावली असती तर एकही बाई पात्र ठरली नसती, कारण अनुभव द्यायलाच कुणी तयार नव्हते. म्हणून २०१९ च्या सुमारास महामंडळाने हलक्या वाहनाचे लायसन असलेल्या महिला निवडल्या आणि मोठी गाडी स्वतः शिकवली. यवतमाळच्या आदिवासी तरुणींसाठी वेगळी तुकडी केली. मध्ये कोरोना आला, काम रखडले. अखेर जून २०२३ मध्ये पहिल्या महिला चालकांपैकी एकीने पुणे जिल्ह्यात सासवडहून बस नेली. ‘अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही’ हे चक्र मालकानेच तोडावे लागते. कंपनीच्या खर्चाने शिकण्याचा खरा फायदा हाच आहे. लायसन पैसे भरून कुठेही निघते. अनुभवाशिवाय लाखो रुपयांची गाडी हातात देणारा पहिला मालक मिळणे अवघड.

या फायद्याची किंमत बाँडच्या रूपाने द्यावी लागते, म्हणून त्या कागदावर थोडे थांबू. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे कलम २७ म्हणते की कुणालाही त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. पण नोकरी चालू असतानाच्या काळासाठी वाजवी बंधन घालता येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची नोकरी नाहीतर दोन लाख रुपये हा बाँड वैध ठरवला. म्हणून ‘बाँडला कोर्टात काही अर्थ नसतो’ या चहाच्या टपरीवरच्या सल्ल्यावर जाऊ नये. त्याच वेळी कलम ७४ प्रमाणे करार मोडल्याची भरपाई वाजवी असावी लागते; कागदावर आकडा लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण वसूल होत नाही. खर्च साठ हजार आणि बाँड पाच लाखांचा असेल तर तो आकडा भीती घालण्यासाठी लिहिलेला आहे.

बाँडची रक्कम महिन्यागणिक उतरते का, हे नक्की बघा. समजा शिकवणीचा खर्च ६०,००० रुपये आणि बाँड २४ महिन्यांचा. दर महिन्याला २,५०० रुपये फिटत गेले तर अठरा महिन्यांनी नोकरी सोडणाऱ्याकडे १५,००० उरतात. हेच कलम नसेल तर तेविसाव्या महिन्यातही पूर्ण साठ हजार मागता येतात. कंपनीनेच काढून टाकले, पगार थकला, अपघातात हात मोडला किंवा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला, तर पैसे कुणी द्यायचे, हेही लिहिलेले हवे. तोंडी आश्वासन देणारा माणूस सहा महिन्यांनी त्या कंपनीत असेलच असे नाही.

आणि सही केलेला कोरा चेक कधीही देऊ नका. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो, आणि साधा नोकरीतला वाद कोर्टाच्या फेऱ्यांत जातो. दहावीचे मूळ प्रमाणपत्र, मूळ लायसन, जमिनीचा कागद यांतले काहीच कंपनीच्या कपाटात ठेवायचे नाही. लायसन कंपनीने पैसे भरून काढले असले तरी ते तुमच्या नावाचे आहे. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमधले दाखवा.

कंपनीच्या खर्चाने शिकवून बांधून घेण्याचा हा धंदा अमेरिकेत आपल्यापेक्षा जुना आणि मोठा आहे. तिथल्या बड्या ट्रक कंपन्या स्वतःच्या शाळा चालवतात. शिक्षण ‘मोफत’, बदल्यात साधारण वर्षभराची नोकरी, आणि आधी सोडल्यास काही हजार डॉलरचे बिल. कमी मैल मिळाले, घरी यायला मिळेना, म्हणून वर्षाच्या आत सोडणाऱ्यांच्या मागे वसुली लागते, असा तिथला अनुभव आहे. तरीही तिथे एक आधार आहे. मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला सलग दहा तासांच्या सुट्टीनंतर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते, आणि हे तास गाडीतले यंत्र मोजते. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला मंजुरीने फार तर दहा तास, अशी मर्यादा घातली. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला. कागदावर मर्यादा पूर्वीपासून आहे. ती मोजणारे यंत्र आणि मोजून घेणारा मालक कमी आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. झोप न झालेला ड्रायव्हर हे त्यामागचे एक कारण, आणि ते शिकवणीने दूर होणारे नाही, वेळापत्रकाने होते.

वेळापत्रक बदलता येते हे रिव्हिगो या कंपनीने करून दाखवले होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने एकच ड्रायव्हर टोकापासून टोकापर्यंत पाठवायचे सोडले. ठरलेल्या ठाण्यावर गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि परतीची गाडी घेऊन घरी यायचे, अशी पद्धत बसवली. पुढे २०२२ मध्ये तिचा एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. नेसरीतल्या आईला पोरगा ड्रायव्हर झाला याचे दुःख नसते. तो महिना-महिना दिसत नाही आणि त्यामुळे लग्न जमत नाही, याचे असते. म्हणून घरी यायची सुट्टी किती दिवसांनी, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो विचारताना संकोच करू नये. केबिनचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. राजस्थानच्या उन्हात जुन्या गाडीवर बसवणार की नव्या, हे विचारायचा हक्क आहे.

जर्मनीचे नावही हल्ली गावोगावी निघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात ड्रायव्हरचे कामही आहे. पण आपले हेवी लायसन तिथे तसेच चालत नाही. भाषा शिकावी लागते, तिथली परीक्षा नव्याने द्यावी लागते. परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला नियमाने सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येते. लाखांत मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता तुम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे असाल आणि हा रस्ता मनात असेल, तर कोणत्याही कंपनीची वाट न बघता या महिन्यात चारचाकीचे शिकाऊ लायसन काढा. अठराचे असाल तर वीस पूर्ण होईपर्यंत कायद्याने लागणारे वर्ष भरलेले असेल; एकोणीस उलटले असेल तर ते थोडे पुढे जाईल. डोळे तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष असेल तर तो आत्ता कळलेला बरा. कंपनीचा करार आला की मराठीत मागा आणि सही करण्याआधी दोन दिवस घरी आणा. गावातल्या निवृत्त एमटी ड्रायव्हरला दाखवा, गडहिंग्लजच्या कोर्टातल्या वकिलाला दाखवा. कागद घरी न्यायला जी कंपनी नाही म्हणेल, तिच्या गाडीवर चढू नका.